न उघडलेली बाटली

१

असं समजा, की तुम्ही एका मोठ्या तलावाच्या काठी राहता. खिडकीतून पाणी दिसतं. उन्हाळा संपत आलाय, वारा पडलाय आणि काठालगतच्या पाण्यावर कोणी हिरवा रंग सांडावा तशी साय धरली आहे. तुमची आई पाणी तपासण्याचं काम करते. ती म्हणते, ‘या सायीत विष आहे, हे पाणी पिऊ नका.’ सगळं शहर म्हणतं, ‘पाणी चांगलं आहे, ही बाईच खोटी आहे.’ आता सांगा बरं, तुम्ही काय कराल?

टिटवीवर नेमकी हीच वेळ आली.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नाही. बोलायला लागल्यापासून तिची टकळी कधी थांबली नाही, म्हणून आईने ते ठेवलं. पण त्या शनिवारी सभागृहाच्या पहिल्या रांगेत बसलेली टिटवी अगदी गप्प होती. मंचावर एक टेबल होतं, टेबलावर लाकडी खोका, खोक्यात गडद तपकिरी काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या झाकणावर दोन मोहरा. एक आईच्या प्रयोगशाळेची, दुसरी सरकारची. मागच्या भिंतीवर राज्याच्या प्रमुखाचं हसरं चित्र होतं. त्यांना सगळे ‘आपला माणूस’ म्हणत. चित्राखाली ठळक अक्षरं होती : ‘जे काही, ते लोकांसमोर.’

आईच्या अहवालामुळे महिनाभर तलावाचं पाणी नळाला बंद होतं. होड्या काठाला लागलेल्या, पोहणारे बंद, दुकानं ओस. टँकरच्या रांगेत भांडणं होत. आपला माणूस भाषणात म्हणाला होता, ‘पुस्तकातल्या किड्यांनी तुमच्या तोंडचं पाणी पळवलंय. आपण लोकांसमोर तपासू.’ म्हणून गुरुवारी आईने पुन्हा तलावातून पाणी भरून आणलं, काठावरच बाटल्यांवर मोहरा लागल्या आणि खोका प्रयोगशाळेच्या शीतखोलीत दोन कुलपांआड राहिला.

आता जनहित अधिकारी एकेका बाटलीच्या मोहरा लोकांना दाखवून तोडत होता आणि पाणी साध्या काचेच्या पेल्यात ओतून त्यात कागदी पट्टी बुडवत होता. पट्टीवरची रेघ पुसट झाली तर विष आहे, ठळक राहिली तर नाही.

पहिली रेघ ठळक. दुसरी ठळक. तिसरीही.

प्रत्येक रेघेला टाळ्या वाढत गेल्या. शेवटच्या पट्टीला तर लोक उभे राहिले. अधिकाऱ्याने हात वर केला. “सोमवारी सकाळी तलावाचं पाणी नळाला सुटेल. आणि खोटी भीती पसरवल्याबद्दल प्रयोगशाळेला टाळं लागेल. तिच्या प्रमुख बाईंवर खटला चालेल.”

टिटवीने आईकडे पाहिलं. आई रडत नव्हती, चिडलेली नव्हती. ती त्या बाटल्यांकडे अशी पाहत होती, जशी एखादी बाई स्वतःच्या घरात शिरावी आणि तिला खोल्याच ओळखीच्या वाटू नयेत.

२

संध्याकाळी मावशी आली. आईची थोरली बहीण. तिचा धंदा विम्याचे दावे तपासण्याचा. कुठे दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, की कंपनी मावशीला पाठवणार. खरंच जळालं की जाळलं, हे ती राख चिवडून सांगायची.

“खाल्लंस का काही?” तिने दारातूनच आईला विचारलं.

“भूक नाही, ताई.”

“मग आधी खा. उपाशीपोटी डोकं चालत नाही, नुसतं गरगरतं.”

घरात अंधारून आल्यासारखं झालं होतं. फोन सारखा वाजत होता. आईने दोनदा उचलला, दोन्ही वेळा काही न बोलता ठेवून दिला. तिसऱ्यांदा मावशीने उचलला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झालं का बोलून? आता तुमच्या आईला द्या फोन, तिला सांगते तुम्ही कसं बोलता ते.” त्यानंतर फोन वाजला नाही.

“आता सांग,” मावशी म्हणाली. “कोणी पाणी बदललं असेल का? आतलं ओतून नळाचं भरलं?”

“मोहरा शाबूत होत्या. मी स्वतः पाहिल्या.”

“पाणी दिसायला कसं होतं?”

आई थांबली. “पांढुरकं. मलाही तेच खटकलं. तलाव हिरवा आहे आणि बाटलीतलं पाणी धुतल्यासारखं.”

“पण ते तलावाचंच होतं,” टिटवी म्हणाली. “मी जवळ जाऊन पाहिलं, एका पेल्याच्या तळाशी पाणपिसू होती, टाचणीच्या डोक्याएवढा तलावातला किडा. मेलेली. आणि गाळ होता. नळाच्या पाण्यात पाणपिसू कुठून येणार?”

मावशीने तिच्याकडे वळून पाहिलं. “शाबास. म्हणजे पाणी बदललेलं नाही. त्याच पाण्याला काहीतरी केलंय.” तिने बोटाने टेबलावर ठोकलं. “मोहर न तोडता, झाकण न उघडता, बंद बाटलीतलं विष मारायचं. कसं?”

आईने मान हलवली. “शक्य नाही.”

“जळालेल्या दुकानात गेले ना, की मी आधी न जळलेली वस्तू शोधते. तीच बोलते. मला सांग, त्या खोक्यातली एखादी बाटली कोणी उघडलीच नाही, असं झालं का?”

“एक उघडली नाही,” आई म्हणाली. “पण तिच्यात काहीच नाही.”

३

प्रत्येक कामाची आपली एक रीत असते. पाणी तपासणाऱ्यांची रीत अशी, की तलावावर जाताना ते एका डब्यात अगदी शुद्ध पाणी नेतात आणि खोक्यातली एक बाटली त्या पाण्याने भरून परत आणतात. कशाला? समजा, तपासात विष सापडलं. कोणी म्हणेल, ‘विष तलावात नव्हतंच, तुमची बाटलीच घाण होती.’ तेव्हा शुद्ध पाण्याची बाटली उघडून दाखवायची. ती स्वच्छ निघाली, म्हणजे दोष बाटल्यांचा नाही.

“आणि विष सापडलंच नाही, तर?” मावशीने विचारलं.

“तर तिला कोण उघडणार? कशासाठी?” आई म्हणाली. “ती खोक्यातच राहते.”

“कोणती बाटली शुद्ध पाण्याची, हे आधी ठरलेलं असतं?”

“नाही ना, मीच उचलते,” टिटवी म्हणाली. “होडीत बसल्यावर आई म्हणते, डोळे मिटून एक उचल. म्हणजे कोणालाच आधी कळत नाही.”

मावशीने चहाचे कप भरले. मग तिने विचारलं, “सायीतलं विष कशाने मरतं?”

“क्लोरीनने. भरपूर लागतं पण. घरोघर जाणाऱ्या पाण्यात तेवढं घालता येत नाही, पिणाराच आजारी पडेल.”

“आणि विष मारून झालं, की त्या क्लोरीनचं काय होतं?”

“संपून जातं. गाळ, शेवाळ, विष, जे भेटेल त्याच्याशी झुंजत…” आई बोलता बोलता थांबली. तिचा हात कपाजवळच राहिला. “बाटल्या रिकाम्या असतानाच घातलं,” ती हळूच म्हणाली. “भरण्याआधी.”

“मग मोहर तोडायची गरजच नाही. तू आपल्या हाताने पाणी भरलंस, आपल्या हाताने झाकण लावलंस, आणि आत काम सुरू झालं. क्लोरीन लढून संपलं, वाससुद्धा उरला नाही.”

“पण शुद्ध पाण्याच्या बाटलीत लढायला कोणीच नव्हतं,” टिटवी म्हणाली. “मग तिथे ते अजून असेल.”

पोहण्याच्या हौदाशेजारी जो वास येतो, तो आठवा. टिटवीला तो त्या क्षणी घरातच आल्यासारखा वाटला.

“चला, उघडून पाहू,” ती उठलीच.

“बस खाली,” मावशी म्हणाली. “आपण उघडली, तर ते म्हणतील तुम्हीच घातलं. ती दोन मोहरांसकट लोकांसमोरच उघडली पाहिजे. आणि त्याआधी मला कळलं पाहिजे, की हे केलं कोणी.”

४

रविवारी सकाळी मावशी टिटवीला घेऊन निघाली. आईला घराबाहेर पडायची बंदी होती.

अधिकारी आपल्या कचेरीत होता. नवाकोरा फलक, नवीकोरी खुर्ची, आणि खुर्चीत नवाकोरा माणूस.

“विम्याच्या बाई? इथे कसला विमा?” तो हसला. “अब्रूचा उतरवला होता का बहिणीने?”

“उतरवला असता, तर हप्ता तुम्हालाच मागितला असता,” मावशी म्हणाली. “गुरुवारी खोका तुमच्या ताब्यात कधी आला?”

“काठावर. मी पोचलो तेव्हा बाटल्या भरलेल्या होत्या. उशीर झाला, रस्त्यात लोकांनी हार घालायला थांबवलं. मी फक्त मोहरा लावल्या. आणि बाई, हे बघा, तुमच्या बहिणीशी माझं वैर नाही. पण लोकांनी निवडून दिलेला माणूस मोठा, की परीक्षा पास झालेला?”

“विषाला विचारा,” मावशी म्हणाली. “ते कोणाचंच मत विचारत नाही.” आणि खोका सध्या कुठे आहे, हे तिने जाता जाता विचारून घेतलं. खोका उद्याच्या कार्यक्रमात मांडायचा होता. “खोटेपणाचा पुरावा म्हणून,” अधिकारी अभिमानाने म्हणाला.

नावाडी होडीला डांबर फासत बसला होता. त्याने वर पाहिलंही नाही.

“तुझ्या आईने माझ्या पोटावर पाय दिला, पोरी. तरी गुरुवारी मीच नेलं तिला. पैसे दिले, नेलं.”

“रिकाम्या बाटल्या तुमच्या होडीत किती वेळ होत्या?” मावशीने विचारलं.

“असतील घडीभर. मी वल्ही आणायला गेलो, आलो. का? मी फोडल्या म्हणते का?”

“काका, तुमचा कुत्रा दिसत नाही,” टिटवी म्हणाली.

नावाड्याचा ब्रश थांबला. “म्हातारा झाला होता.”

“तीन वर्षांचा तर होता.”

“म्हातारा झाला होता म्हटलं ना.” तो पुन्हा डांबर फासू लागला. “काठाचं पाणी प्यायला आणि संध्याकाळी गेला. आता जा तुम्ही.”

परतताना मावशी म्हणाली, “अधिकाऱ्याला रिकाम्या बाटल्या मिळाल्याच नाहीत. नावाड्याला मिळाल्या, घडीभर. त्याने घातलं असेल?”

टिटवीने विचार केला. “नाही. बाटली धुऊन वाळली, की झाकण लावून त्यावर कागदी पट्टी चिकटवतात. आत काही पडू नये म्हणून. ती होडीत आई फाडते. गुरुवारी सगळ्या पट्ट्या नीट होत्या.”

“म्हणजे पट्टी लावण्याआधी. प्रयोगशाळेतच.” मावशी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. “आणखी एक गोष्ट बघ. क्लोरीन कमी पडलं असतं, तर विष राहिलं असतं. जास्त झालं असतं, तर प्रत्येक बाटली घमघमली असती. ज्याने घातलं, त्याने बरोबर तलावाच्या पाण्याला पुरेल एवढंच घातलं. नावाड्याला हे जमेल? अधिकाऱ्याला?”

“नाही.”

“हा तलाव कोणाला इतका पाठ आहे?”

टिटवी एकदम गप्प झाली. टिटवी गप्प झाली, की काहीतरी घडलेलं असतं, हे मावशीला माहीत होतं.

“काय ग?”

“गुरुवारी पट्ट्या मोठ्या सरांनी लावल्या,” ती म्हणाली. “मी होते ना तिथे. पण लावण्याआधी त्यांनी मला कात्री आणायला पाठवलं. वरच्या मजल्यावर.”

५

मोठे सर म्हणजे आईचे गुरू. प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली होती. टिटवीला सूक्ष्मदर्शकातून पहिली पाणपिसू त्यांनीच दाखवली, तिचं धडधडतं हृदयसुद्धा. आता ते निवृत्त झाले होते, तरी प्रयोगशाळेत त्यांचं येणंजाणं होतं, आणि सरकारच्या नव्या लोकविज्ञान मंडळावर त्यांना मानाची खुर्ची मिळाली होती. आई त्याबद्दल कधी बोलत नसे.

ते पुस्तकांच्या गराड्यात बसले होते. मावशीने सगळं सांगितलं, क्रमाने, आवाज न चढवता. सर मध्येच म्हणाले नाहीत, की हे खोटं आहे. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“टिटवे, तू बाहेर जाऊन बस.”

“नको,” टिटवी म्हणाली.

सर भिंतीकडे पाहून बोलू लागले. “पुन्हा विष सापडलं असतं, तर प्रयोगशाळा बंदच होणार होती. कागद तयार होता, मी पाहिला. इतक्या जणांच्या चुली त्यावर चालतात. इतक्या वर्षांचं काम आहे. मंडळातले लोक मला म्हणाले, सर, एकदा फक्त, एकच तपासणी स्वच्छ येऊ द्या. लोक शांत होतील, तुमची प्रयोगशाळा राहील. पाणी लगेच सोडणार नाही, हेही कबूल केलं होतं.”

“आणि तुम्ही विश्वास ठेवलात,” मावशी म्हणाली.

“झाड वाचवायला एक फांदी तोडतो ना माळी?”

“ती फांदी माझी आई आहे,” टिटवी म्हणाली.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“उद्या सकाळी पाणी सुटेल,” मावशी म्हणाली. “शाळेत, दवाखान्यात, घराघरांत. तुम्ही एक वाक्य बोललात, तर थांबेल.”

“मी बोललो, तर मंडळ गेलं, मान गेला, आज तिच्यासमोर आहे तो तुरुंग माझ्या नशिबी. या वयात…” त्यांनी समोरचं पुस्तक मिटलं. “मला नाही जमणार. मला माफ करा. मी येईन उद्या. पण बोलणं नाही जमणार.”

बाहेर आल्यावर टिटवी म्हणाली, “मावशी, ते वाईट आहेत का ग?”

मावशीने तिचा हात धरला. “घाबरलेत,” ती म्हणाली. “वाईटाशी लढता येतं. घाबरलेल्या चांगल्या माणसाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.”

६

सोमवारी पाणीपुरवठ्याच्या आवारात मांडव घातला होता. मधोमध एक मोठं लोखंडी चाक होतं. ते फिरवलं, की तलावाचं पाणी शहरात जाणार. चाकाला फुलं बांधली होती. शेजारी टेबलावर तो खोका होता. सर पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर. आईला दोन शिपायांमध्ये एका बाजूला उभं केलं होतं. लोकांनी पाहावं म्हणून.

अधिकाऱ्याचं भाषण संपता संपता मावशी उठली.

“एक बाटली राहिली आहे.”

“ती शुद्ध पाण्याची आहे, बाई. तुमच्या बहिणीनेच भरलेली.”

“मग भीती कसली? उघडा. जे काही, ते लोकांसमोर. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय.”

गर्दीत कोणीतरी हसलं. “उघडा की, साधं पाणी तर आहे,” मागून आवाज आला. अधिकाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. नकार द्यायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

“मी उघडतो,” नावाडी पुढे आला. त्याने मोहरा चारी बाजूंना फिरवून दाखवल्या, तोडल्या, झाकण काढलं आणि नाक जवळ नेलं. डोकं झटक्याने मागे घेतलं. मग बाटली पहिल्या रांगेत दिली. ती हातोहात मागे सरकत गेली. जिथे जिथे पोचली, तिथे तिथे लोक गप्प झाले.

मावशीने सांगितलं, टिटवीला समजावलं होतं तसंच, सोप्या शब्दांत : हे औषध सगळ्या बाटल्यांत आधीच होतं, गढूळ पाण्यात ते विष मारून संपलं, शुद्ध पाण्यात उरलं. तलावात विष आहे. म्हणून तर ते मारावं लागलं.

क्षणभर वाटलं, झालं. सगळं मिटलं.

पण अधिकारी हुशार होता. “ऐका,” तो कर्ण्यात ओरडला. “बाटल्या कोणाच्या? प्रयोगशाळेच्या. किल्ली कोणाकडे? या बाईकडे. हिनेच औषध घातलं, हिनेच हा खेळ रचला, आज आपल्याला वेड्यात काढायला! नाहीतर सांगा, दुसऱ्या कोणी घातलं? कोणी पाहिलं?”

गर्दी पुन्हा आईकडे वळली. “बोल की!” कोणीतरी ओरडलं. अधिकाऱ्याने चाकावर हात ठेवला.

मावशी काही सांगू पाहत होती, पण आरोपीच्या बहिणीचं कोण ऐकणार? आणि तिने तरी कुठे डोळ्यांनी पाहिलं होतं?

आईने टिटवीकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. तू यात पडू नकोस.

टिटवी उठली. ती आधी सरांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांचे गुडघे आणि तिचे बूट यांत वीतभर अंतर होतं.

“सर,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही सांगता, का मी सांगू?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी मान खाली घातली, आणि ती वर आली नाही.

टिटवी थोडा वेळ थांबली. उत्तर यायला वेळ लागतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मग ती मंचाच्या पायऱ्या चढली. माइक तिच्या डोक्याच्याही वर होता. अधिकाऱ्याने तो खाली केला नाही. नावाड्याने येऊन त्याचा स्क्रू सैल केला आणि तो तिच्या तोंडापाशी आणून ठेवला.

तिने आईकडे पाहिलं नाही, सरांकडेही नाही. समोर टँकरच्या रांगेतली ओळखीची माणसं होती, शाळेतल्या मैत्रिणी होत्या, त्यांच्या कडेवरची भावंडं होती. लोक शांत होईपर्यंत ती थांबली.

“मला माहीत आहे तेवढंच सांगते,” ती म्हणाली, “जास्त नाही.”

आणि तिने गुरुवारच्या सकाळपासून सुरुवात केली.